लिपस्टिकच्या नळीतला खर्ज

परीक्षेला न्यायचं जुनं पॅड घरात कुठेतरी पडलेलं असेलच. तेच ते तपकिरी फळीचं, एका बाजूने गुळगुळीत आणि पाठीवर जाळीचा ठसा उमटलेलं. ते कानाशी धरा आणि मधोमध बोटाच्या पेराने वाजवून पाहा. कोरडा, पोकळ, पण वाटलं होतं त्यापेक्षा खालचा आवाज येतो. सागवानी दाराचा भारदस्तपणा त्यात नाही, तरी तो कानात राहतो.

याच फळीपासून, म्हणजे हार्डबोर्डपासून, न्यू जर्सीतल्या एका माणसाने 1950 आणि 60च्या दशकांत हजारो गिटारी बनवल्या. त्यांत बेस गिटारीही होत्या. गाण्याच्या सगळ्यात तळाशी चालणारा, कानाआधी छातीला कळणारा स्वर या वाद्यातून येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ते खर्ज सांभाळणारं वाद्य. ते हार्डबोर्डचं असू शकतं यावर मी स्वतः वाजवून बघेपर्यंत माझा विश्वास नव्हता.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीतच, एडिसनला राहतो. त्याच्या मुलीने, माझ्या पुतणीने, एका गॅरेज सेलमधून जुना बेस उचलून आणला. काळं अंग, पांढरट पट्टी, डोक्यावर ‘सिल्व्हरटोन’ अशी अक्षरं. मी तिकडे गेलो तेव्हा तिने तो माझ्या मांडीवर ठेवला. एवढ्या मोठ्या वाद्याला वजनच नाही असं वाटलं. मी सगळ्यात जाड तार अंगठ्याने छेडली. जो स्वर निघाला तो लांबत गेला नाही. उमटला, फुगला आणि विरला, डग्ग्यावर तळहात टेकवून मारलेल्या थापेसारखा. मी परत छेडली. मग बराच वेळ मी तेवढंच करत बसलो.

‘सिल्व्हरटोन’ हे नाव सीअर्स या कंपनीचं. शर्टापासून शेतीच्या अवजारांपर्यंत सगळं जाडजूड कॅटलॉगमधून विकणारी ही कंपनी वाद्यंही विकायची, पण बनवून घ्यायची दुसऱ्यांकडून. हा बेस बनवणाऱ्या कारखान्याचं नाव डॅनइलेक्ट्रो आणि कारखानदार नेथन डॅनियल. 1912 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा मुळात वाद्यांचा कारागीर नव्हताच. तो रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडणारा होता. 1947 साली त्याने डॅनइलेक्ट्रो काढली, सीअर्ससाठी अ‍ॅम्प बनवले आणि 1954च्या सुमारास गिटारींकडे वळला. त्याचे कारखाने न्यू जर्सीत आधी रेड बँकला आणि मग नेपच्यूनला होते. दोन्ही गावं एडिसनपासून गाडीने तासाभराच्या आत. म्हणजे पुतणीचं वाद्य इतक्या वर्षांत फार लांब गेलंच नव्हतं.

डॅनियलपुढचा प्रश्न साधा होता. कॅटलॉग चाळणाऱ्या, खिशात मोजके डॉलर असलेल्या पोराला परवडेल असं वाद्य कसं बनवायचं? तासून, कोरून, महिनोन्‌महिने वाळवलेलं लाकूड महाग पडतं. त्याने पॉपलर किंवा पाइनसारख्या साध्या लाकडाची चौकट केली, पुढून आणि मागून हार्डबोर्ड चिकटवला आणि कडेची उघडी फट विनाइलच्या पट्टीने झाकून टाकली. आतून वाद्य बरंचसं पोकळ.

या हार्डबोर्डची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी राज्यात लॉरेल नावाचं गाव आहे. तिथल्या लाकूडगिरण्यांत ढलप्यांचे ढीग साचायचे. 1924 साली विल्यम मेसन याने त्या ढलप्या एका भक्कम लोखंडी नळकांड्यात भरल्या, आत प्रचंड दाबाची वाफ सोडली आणि मग नळकांड्याचं तोंड एकदम उघडलं. जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तशा त्या ढलप्या आतून फुटल्या आणि त्यांचा कापूस झाला. तो लगदा तापवून दाबला की त्याची टणक फळी होते. तिला वेगळा गोंद लागत नाही, कारण झाडात तंतूला तंतू धरून ठेवणारा लिग्निन हा पदार्थच उष्णतेत डिंकाचं काम करतो. दाबताना पाणी निघून जावं म्हणून खाली जाळी असते. परीक्षेच्या पॅडच्या पाठीवर असतो तो ठसा त्या जाळीचा.

आता लिपस्टिक. इलेक्ट्रिक गिटारीचा कान म्हणजे पिकअप. एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरून जाणारी पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबक होते, ती हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. कंप जेवढा, तशी वीज. हे सगळं बसवायला एरवी खास साचे आणि खास झाकणं लागतात. डॅनियलने काय केलं? लिपस्टिक भरण्यासाठी बनणाऱ्या, क्रोमचा मुलामा दिलेल्या नळ्या घेतल्या. सपाट चुंबकपट्टीवरच तांब्याची तार गुंडाळली, वर चिकटपट्टी लपेटली, नळीत सरकवली आणि दुसरी नळी टोपणासारखी बसवली. झाला पिकअप. धातूची नळी अर्थिंगला जोडलेली असल्याने बाहेरची विजेची घरघर अडवायचं कामही तीच करते. पुतणीच्या बेसवर तारांच्या खाली ती नळी चकचकीत आडवी पडलेली आहे आणि एकदा कळल्यावर ती लिपस्टिकशिवाय दुसरं काही वाटतच नाही.

नळी, चुंबक आणि वेढे मिळून पिकअपचा आवाज ठरतो. या नळ्यांचा आवाज स्वच्छ, थोडासा काचेरी आणि सौम्य असतो. तारा जिच्यावरून जातात ती घोडी धातूच्या पट्टीवर बसवलेल्या शिसवी लाकडाच्या एका तुकड्याची. लाकूड तारेतला चुरचुरीतपणा पिऊन टाकतं. दांडा वाकू नये म्हणून महागड्या गिटारींत कमीजास्त करता येणारी सळई घालतात. इथे पोलादाच्या दोन पट्ट्या कायमच्या बसवून दिल्या. प्रत्येक जागी पैसे वाचवले आणि प्रत्येक बचतीने आवाज थोडा थोडा घडवला. स्वस्त जुन्या बेसची ओढ इथून सुरू होते असं मला वाटतं. या वाद्यांनी महागड्या वाद्यांची नक्कल करायचा प्रयत्न केला असता तर ती फक्त निकृष्ट ठरली असती. पण हार्डबोर्डला शिसवाचा आवाज काढताच येत नाही. त्याने स्वतःचा आवाज काढला.

बचतीचा आणखी एक भाग लांबीचा. लिओ फेंडरने 1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला ‘प्रिसिजन बेस’ काढला, तेव्हा तारेची कंप पावणारी लांबी 34 इंच ठेवली आणि पुढे तेच माप रूढ झालं. स्वस्त बेस बहुतेक 30 इंचांच्या आसपासचे. चार इंच म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण तीच तार त्याच स्वराला लावायची असेल तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 30 भागिले 34, त्याचा वर्ग केला की येतो 0.78. म्हणजे ताण 22 टक्के कमी! तार बोटाखाली सैलसर, मऊ लागते, मोठा झोका घेते, आणि तिच्या आवाजात वरच्या छटांपेक्षा खालची गोलाई जास्त येते. नवख्या पोरांच्या लहान हातांना सोयीचं म्हणून केलेलं वाद्य असं गुबगुबीत बोलू लागलं.

हा गुबगुबीत आवाज जगभर पोचवला तो दुसऱ्या एका स्वस्त बेसने. हॉफनर हे घराणं व्हायोलिन बनवणाऱ्यांचं. कार्ल हॉफनरने 1887 साली बोहेमियातल्या शोनबाखला दुकान मांडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनांना देशाबाहेर काढलं गेलं, तेव्हा हे कारागीर बव्हेरियात बुबेनरॉइटला येऊन वसले. 1956 साली वॉल्टर हॉफनरने व्हायोलिनच्या आकाराचा पोकळ बेस काढला. 1961 साली हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीने तो सुमारे 30 पौंडांना घेतला. फेंडर 100 पौंडांच्या घरात होता, तो परवडणारा नव्हता. शिवाय मॅकार्टनी डावखुरा, आणि हा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने उलटा धरला तरी वेडावाकडा दिसत नव्हता. बीटल्सची पहिली गाणी त्याच बेसवर वाजली. 1972 साली लंडनमध्ये एका गाडीतून तो चोरीला गेला आणि सापडल्याची बातमी आली थेट 2024 साली. अर्ध्या शतकानंतर मिळालेल्या त्या 30 पौंडांच्या वाद्याचा फोटो मी पाहिला तेव्हा मला अगदी घरातलं माणूस परत आल्यासारखं वाटलं.

डॅनइलेक्ट्रोलाही इंग्लंडमध्ये एक वेडा चाहता मिळाला. ‘द हू’ या बँडचा जॉन एंटविसल. 1965च्या ‘माय जनरेशन’ या गाण्यात बेस चक्क पुढे येऊन एकटा बोलतो, आणि रॉकमध्ये तोवर असं क्वचितच झालं होतं. एंटविसलने नंतर मुलाखतींत सांगितलं की त्यासाठी त्याने डॅनइलेक्ट्रो घेतला होता. त्याच्या बारीक तारांतून निघणारा खणखणीत आवाज त्याला हवा होता. पण त्या बारीक तारा पटकन तुटायच्या आणि तशा सुट्या तारा इंग्लंडमध्ये मिळत नव्हत्या. मग त्याने तारांसाठी आणखी बेस विकत घेतले! दोन तारांसाठी आख्खं वाद्य. शेवटी दुकानातले डॅनइलेक्ट्रो संपले आणि गाण्याची जी प्रत आपण ऐकतो ती त्याने फेंडरवर वाजवली.

जपानी बेसची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. 60च्या दशकात टेइस्कोसारख्या कंपन्यांच्या प्लायवूडच्या गिटारी अमेरिकेत कितीतरी नावांनी विकल्या गेल्या. काही टेइस्को पिकअपांत रबरात मिसळलेलं लवचीक चुंबक असे, फ्रिजचं दार बंद ठेवणाऱ्या पट्टीत असतं त्या जातीचं. ते सोनेरी झाकणाचे पिकअप आज लोक मुद्दाम शोधतात. मात्सुमोतोच्या मात्सुमोकू कारखान्यात सिंगर शिलाई मशिनची लाकडी कपाटं बनायची, पुढे तिथेच नामांकित बेस बनले. मशिनच्या कपाटाचे सांधे नेमके बसवणाऱ्या हातांना गिटारीचा दांडा अवघड का जावा?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वाद्य जुनं झालं की आपोआप गोड होतं, या समजुतीवर माझा भरवसा नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 21 व्हायोलिनवादकांना नीट दिसू न देणारे गॉगल लावले आणि काही नवी, काही स्ट्रॅडिव्हॅरियससारखी तीनेकशे वर्षांपूर्वीची व्हायोलिनं वाजवायला दिली. बहुतेकांना जुनं कोणतं हे ओळखता आलं नाही आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हॅरियसच. मग हार्डबोर्डचं काय घेऊन बसलात?

जुन्या बेसमध्ये खरोखर जुनं होऊन बदलतं ते तारांचं अंग. त्या काळी बेसवर बहुधा फ्लॅटवाउंड तारा असत, म्हणजे मधल्या तारेभोवती गोल तारेऐवजी चपटी फीत गुंडाळलेल्या, बोटाला रेशमासारख्या लागणाऱ्या. वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ वेढ्यांत शिरला की वरच्या छटा मरतात आणि उरतो तो भरीव गाभा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन, महागड्या फेंडरवर का होईना, तुटल्याशिवाय तारा बदलतच नसे. तेही एका बोटाने वाजवून! पुतणीने मला विचारलं होतं, “काका, तारा गंजायला लागल्यात, नव्या लावू का?” मी तिला हात जोडले.

पण ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती वेगळीच. मी परत आल्यावर पुतणीने बेस वाजवून रेकॉर्ड केला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी फोनच्या स्पीकरवर ऐकला. छान ऐकू आला. आणि मग डोक्यात आलं, हे शक्यच नाही.

बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. या स्वराची हवेतली एक लाट 8 मीटरांहून लांब असते, म्हणजे दोन खोल्यांच्या घरात ती पुरी मावतही नाही. एवढ्या खाली आपला कानही मंद असतो. सेकंदाला 1000 कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू यायला जेवढी ध्वनिऊर्जा लागते, त्याच्या जवळजवळ एक लाख पट ऊर्जा 40 कंपनांच्या स्वराला लागते. आणि फोनचा स्पीकर म्हणजे नखाएवढा पडदा. 200 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 200 कंपनांच्या, खाली तो जवळजवळ मुका असतो. म्हणजे पुतणीच्या बेसचा मूळ स्वर माझ्या फोनमधून बाहेर आलाच नाही. मग मी ऐकलं काय?

याचं उत्तर तानपुऱ्यापाशी आहे. खर्जाची तार छेडली की तिच्यातून नुसता खर्ज येत नाही. दुप्पट कंपनांचा वरचा षड्ज येतो, तिप्पट कंपनांचा पंचम येतो, चौपटीचा षड्ज, आणि पाचपटीला येतो गंधार. तानपुऱ्यावर गंधाराची तार नसते, तरी जवारी नीट लागली की गंधार हवेत उभा राहतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. बेसच्या तारेतही हेच कुटुंब राहतं. 41च्या पोटी 82, 123, 165, 206, 247. माझ्या फोनने यातले खालचे सगळे गाळले आणि वरचे तेवढे ऐकवले. पण दोन शेजाऱ्यांतलं अंतर दर वेळी साधारण 41च आहे. मेंदू ही शिडी बघतो, पायऱ्यांमधलं अंतर ओळखतो आणि खालची न दिसणारी पायरी स्वतःच बसवून टाकतो. तानपुऱ्यात खर्जातून गंधार जन्मतो. फोनवर गंधार-पंचमातून खर्ज जन्मतो.

1841 साली जर्मनीत ऑगस्ट झीबेक याने भोकं पाडलेली तबकडी फिरवून तिच्यावर हवेचा झोत सोडला, तेव्हा मूळ स्वर फार क्षीण असूनही तो ठसठशीत ऐकू येतो हे त्याच्या ध्यानात आलं. विजेच्या नियमामुळे आपल्याला शाळेत भेटलेल्या ओहमने त्याच्याशी जोरदार वाद घातला. हा स्वर कानातच कुठेतरी तयार होत असेल, अशीही शंका पुढे बराच काळ होती. 1954 साली लिक्लायडर या संशोधकाने ती फेडली. त्याने खालच्या पट्टीत मुद्दाम घोंघाट भरला. कानात खरोखरच खालचा स्वर तयार होत असता तर तो त्या घोंघाटात बुडाला असता. पण तो तरीही ऐकू येत राहिला. जुन्या टेलिफोनवर वडिलांचा भारदस्त आवाज ओळखू यायचा तोही असाच. ती लाइन 300 हर्ट्झच्या खालचं काही नेतच नव्हती आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया तर बहुधा 100 ते 150च्या आसपास असतो.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या स्टुडिओवाल्यांनी हे बहुधा कानानेच हेरलं होतं. त्यांची गाणी लोक छोट्या रेडिओवर आणि गाडीत ऐकायचे, आणि तिथे लाकडी उभ्या बेसचा स्वर हरवायचा. मग त्याच्या जोडीला सहा तारांचा इलेक्ट्रिक बेस तेच सूर वाजवू लागला. घोडीजवळ तळहात टेकवून, प्लेक्ट्रमने, टिक-टॅक, टिक-टॅक. असा सहा तारांचा बेस 1956 साली डॅनइलेक्ट्रोनेच बाजारात आणला होता. पॅट्सी क्लाइनच्या 1961च्या ‘क्रेझी’ या गाण्यात बॉब मूरचा उभा बेस आणि हॅरोल्ड ब्रॅडलीचा सहा तारांचा बेस हातात हात घालून चालतात. छोट्या स्पीकरला वरच्या पायऱ्या पुरवल्या की खालची पायरी ऐकणारा स्वतः बांधतो.

माझी आत्या, पुतणीची आजी, मिरजेला असते. तानपुरे बनवणाऱ्यांच्या या गावात तिने साठ वर्षं गाणं केलं, अजून रोज सकाळी तानपुरा लावते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे होतो तेव्हा पुतणीचा फोन आला आणि आजीला ऐकवायचं म्हणून तिने तिकडे बेस घेतला. आत्याने फोन कानाला लावला, डोळे मिटले. चारही तारा एकेक करून मोकळ्या वाजल्या. मग आत्या फोनमध्ये म्हणाली, “बाळ, ती शेवटची जाडी तार आहे ना, खर्जाची, ती केसभर उतरलीय बघ.”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग खुंटी फिरल्याची बारीक करकर, आणि पुतणी म्हणाली, “हो गं आजी.”